उजव्या काडीचा स्क्रू

८ जुलै

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोली मिळाली, गादी बरी आहे आणि खिडकी उघडते, इथपर्यंत वाचून मी समाधानी होते. पुढचं वाचून राहिले नाही.

तुला तिथे पाठवलं ते डोळे तपासायला आणि चष्मे करायला शिकण्यासाठी. आता तुझं कॉलेज म्हणतं, आठवड्यातून तीनदा साहित्याच्या वर्गालाही बसा. कशासाठी? गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवताना कविता म्हणायची आहे का? सक्ती आहे असं वर लिहितेस आणि तळाशी, बारीक अक्षरात, साहित्याऐवजी हिशेबाचा वर्गही चालतो असं लिहितेस. मग हिशेबाचा घे. उद्या हे दुकान तुला चालवायचं आहे.

मी अडाणीपणाने बोलते आहे असं समजू नकोस. मीही साहित्य घेऊनच पदवीधर झाले. आमचे सर खुर्चीत बसून उत्तरं सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. नायिकेच्या स्वभावाचे पैलू मला अजून क्रमाने पाठ आहेत. त्यानंतर इतकी वर्षं गेली, एकाही माणसाने मला नायिकेचे पैलू विचारले नाहीत. सगळे एकच विचारतात, चष्मा कधी मिळेल. तुझ्या आजोबांच्या मागे हे दुकान उभं राहिलं ते हिशेबाच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या जोरावर.

फोन करू नकोस. गिऱ्हाईक असताना मी घेत नाही, आणि गिऱ्हाईक नसताना फोनवर काय बोलायचं ते मला सुचत नाही. पत्र लिही. पानाच्या दोन्ही बाजूंना लिही.

तुझी,
मावशी

२१ जुलै

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार. (या खोलीत साष्टांग घातला तर पाय कपाटात जातात. भावना समजून घे.)

हिशेबाचा वर्ग मी घेतला नाही. रागावू नकोस. किंवा आधी रागाव आणि मग पुढे वाच.

आमच्या साहित्याच्या बाईंना सगळे पुन्हाबाई म्हणतात. कोणी काही वाचून दाखवलं की त्या एवढंच म्हणतात, "पुन्हा." एकच पान आम्ही आठवडाभर वाचतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंकडे दुसरं पान नसावं. त्या पानावर एक बाई आपल्या भावाने घर विकल्याची हकिकत सांगते, आणि मध्येमध्ये म्हणते, "माझी काही तक्रार नाही." असं ती तीनदा म्हणते. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहिलं, बाई समाधानी स्वभावाची आहे. पुन्हाबाईंनी वह्या बघितल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला कोणीही सहज फसवेल."

त्यांची एक रीत आहे. रोज एकाने पुढे जायचं आणि तेच पान मोठ्याने वाचायचं, पण आपल्या मनाने एक वाक्य गाळून. बाकीच्यांनी ते वाक्य ओळखायचं नाही. ते गेल्यामुळे काय कोसळलं ते सांगायचं. भिंतीतली एक वीट काढून बघावी तसं. काहीच कोसळलं नाही तर बाई म्हणतात, एक तर लेखकाने ते उगाच लिहिलं, नाहीतर आपण नीट ऐकलं नाही. बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

वर्ग छान गार आहे. बाहेर इतकी दाट झाडं आहेत की भरदिवसा दिवा लावावा लागतो. मी पहिल्या बाकावर बसते. हुशारीमुळे नाही, फळ्यावर ऊन चमकतं म्हणून मागून नीट दिसत नाही.

दुकानात काय विशेष?

तुझी,
भाचीबाई

१० ऑगस्ट

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर एक पान! मी आठवडाभर एकच चष्मा करत बसले तर लोक काठ्या टेकत फिरतील.

तू घेतलाच आहेस तर ठीक. पण सहामाहीपर्यंत मला त्या वर्गाचा एक तरी उपयोग दाखव. साहित्याने मन विशाल होतं वगैरे लिहू नकोस, ते मी स्वतः परीक्षेत लिहून आले आहे. हाताला लागेल असा उपयोग हवा. नाही दाखवलास तर सहामाहीनंतर हिशेबाचा वर्ग. हा शब्द दिल्यासारखा समज.

दुकानात विशेष काही नाही. समोरच्या चष्मेवाल्याने दुकानात आणखी दिवे लावले आहेत. आता त्याच्याकडे गिऱ्हाईकाला चष्मा नसतानाही डोळे मिटावे लागतात.

एक गृहस्थ येतात, निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दुसऱ्या गावी असते. त्यांच्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू सैल होतो. मी मिनिटभरात आवळून देते. पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल. शर्टाला इस्त्री, खिशात टोक काढलेली पेन्सिल, असा टापटीप माणूस आणि चष्मा मात्र लोंबकळता. काम झालं तरी स्टुलावर बसून राहतात. फार बोलत नाहीत. परवा म्हणाले, तुमचं काउंटर एका बाजूला अर्धं बोट कललं आहे. मी म्हटलं, तुमच्या मोजणीला कोणी बोलावलं आहे का. तर खाली वाकले, पुठ्ठ्याची घडी केली आणि पायाखाली सारली. आता खण आपोआप उघडत नाही. आजोबांच्या काळापासून तो उघडायचा आणि मी गुडघ्याने ढकलायचे. गुडघा अजून ढकलायला जातो.

बाकी नेहमीचंच. वेळेवर जेव.

तुझी,
मावशी

१ सप्टेंबर

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार, पाय कपाटात.

काल वाचायची पाळी माझी होती. मी पुढे जाऊन ते घराचं पान वाचलं आणि एक "माझी काही तक्रार नाही" गाळलं. मला वाटलं, तीन आहेत, एक गेलं तर काय बिघडतं? मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आता तिची तक्रार कमी वाटते." मावशी, मला पाठीत कोणीतरी थाप मारल्यासारखं झालं. ज्या वाक्यात ती तक्रार नाही म्हणते, त्याच वाक्यात सगळी तक्रार होती. बाई म्हणाल्या, सांगणारा एखादी गोष्ट कोणी न विचारता सांगतो, तिथे थांबा. तो तिथेच राहतो, बाकी नुसतं अंगण असतं.

हे हाताला लागणारं नाही, माहीत आहे. सहामाहीला अवकाश आहे.

डोळे तपासायचा तास मला आवडतो. मी नेहमी तपासणारीचं काम घेते, खुर्चीत बसायचं माझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर सोडते. ती परवा रुसली होती, कारण रस्त्याच्या पलीकडून तिने हात केला आणि मी बघितलंच नाही. विचारात होते. त्याच दिवशी चुकीच्या बसमध्ये बसले आणि भलतीकडे, गुरांच्या दवाखान्यापाशी उतरले. संध्याकाळी डोकं दुखतं, फार वाचन होतं म्हणून असेल.

एक विचारू? मोजणीदारांची नेहमी उजवीच काडी सैल होते?

तुझी,
भाचीबाई

२० सप्टेंबर

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

हो, उजवीच. आणि त्याचं कारण मला सापडलं आहे.

गेल्या खेपेला मी तो चष्मा डोळ्याला भिंग लावून बघितला. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे. बारीक, आडवेतिडवे, नवे. माझ्या हातून ओरखडा पडत नाही. आजोबांनी मला शिकवलं तेव्हा एक ओरखडा पडला की ते अख्खी संध्याकाळ बोलत नसत, आणि त्यांच्या न बोलण्याचा आवाज फार मोठा असे. म्हणजे या स्क्रूवर दुसऱ्या कोणाचं तरी हत्यार फिरलं आहे. दुसरं कोण असणार? समोरचा. हे गृहस्थ आधी त्याच्याकडे जातात, तो झगमगाटात बसून जाडजूड हत्याराने काम बिघडवतो, आणि मग निस्तरायला मी आहेच.

मला वाईट वाटलेलं नाही. गिऱ्हाईकाने कुठे जावं हा त्याचा प्रश्न आहे. पण गोडगोड बोलून इथे स्टुलावर बसायचं, काउंटरखाली पुठ्ठे सारायचे आणि चष्मा मात्र समोर दाखवायचा, हे मला चालत नाही. पुढच्या वेळी आले की तोंडावर सांगणार आहे. मला वाईट वाटलेलं नाही, पण सांगणार.

तसेही ते जाणारच आहेत म्हणा. मुलगी कायमचं तिकडे बोलावते. "तिथे तुमचं अडलंय काय, असं विचारते," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "स्क्रू अडलाय. डोकं झिजलंय त्याचं." यात पेन्सिलीचं टोक बघत बसण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण बघत बसले.

चुकीच्या बसमध्ये बसणं हे विचारात असण्याचं लक्षण नाही, वेंधळेपणाचं आहे.

तुझी,
मावशी

२८ सप्टेंबर

ती. मावशी,

नमस्कार आज उभ्यानेच. घाई आहे.

त्यांना काही बोलू नकोस. आधी हे वाच.

तुझी पत्रं मी गादीवर पसरली आणि वर्गात करतो तेच केलं. मोजणीदार गाळून वाचली. काय उरलं सांगू? समोरच्याचे दिवे, माझी खरडपट्टी आणि आशीर्वाद. "दुकानात विशेष काही नाही" असं तू लिहितेस आणि त्याच्याच खाली सगळ्यात मोठा मजकूर त्यांचा. न विचारता. "मला वाईट वाटलेलं नाही" हे तू दोनदा लिहिलंस. मी विचारलं होतं का?

आता त्यांचं बघ. ज्याने जन्मभर मोजणी केली, जो पेन्सिलीला टोक काढून ठेवतो, अर्धं बोट कललेलं काउंटर ज्याच्या डोळ्याला खुपतं, त्या माणसाला स्वतःचा स्क्रू आवळून ठेवता येत नाही? आणि दर वेळी उजवाच? तूच मला लहानपणी शिकवलंस की स्क्रूला पाय नसतात. ते समोर गेलेच नाहीत, मावशी. समोरच्याचा यात काही संबंधच नाही. ते ओरखडे त्यांचे स्वतःचे आहेत. ते घरी बसून स्क्रू सैल करतात आणि मग तुझ्याकडे येतात.

आणि मुलगी काय विचारते ते त्यांनी तुला का सांगितलं, त्याचं उत्तर स्क्रू नव्हतं.

लगेच टपालात टाकते आहे.

तुझी,
भाचीबाई

८ ऑक्टोबर

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. ते गृहस्थ सोमवारी येऊन गेले होते.

मी सांगायचं ते सांगून टाकलं होतं. स्क्रू आवळून दिला आणि म्हटलं, यापुढे समोरच करून घ्या, तिथे उजेडही जास्त आहे. त्यांनी "बरं" म्हटलं. चष्मा घातला. जाताना काउंटरच्या कडेवर एकदा हात ठेवला, सपाट आहे ना बघतात तसा, आणि गेले. या महिन्याच्या शेवटी मुलीकडे जातील असं शेजारचा शिंपी म्हणतो.

तुझं पत्र म्हणजे कल्पनेचा खेळ आहे. पानावरच्या बाईला काय वाटलं ते ठरवा, ती काही उठून येत नाही. जिवंत माणसांना पान समजू नये. माझ्या वयाचा तरी विचार करायचास. मी एक पदवीधर, दुकानदार बाई आहे, गावभर लोक माझ्या शब्दावर डोळे टेकवतात, आणि काल शाळेतून सुटलेली पोरगी मला सांगते की मी काय लिहिलं आहे.

आणि वाचायचंच म्हटलं तर मलाही वाचता येतं. घे. भरदिवसा दिवा लावावा लागतो त्या वर्गात फळ्यावर ऊन कुठून आलं? रस्त्यापलीकडची मैत्रीण दिसली नाही. बसची पाटी दिसली नाही. संध्याकाळी डोकं दुखतं. आणि तपासणीच्या तासाला तू खुर्चीत कधीच बसत नाहीस, हे मी न विचारता तू मला सांगितलंस. तिथेच थांबायचं ना? थांबले. तुला दूरचं दिसत नाही. चष्मेवालीच्या भाचीला नंबर लागला आहे आणि ती लाजून लपवते आहे.

उद्या खुर्चीत बस. टाळाटाळ चालणार नाही.

मावशी

१५ ऑक्टोबर

ती. मावशी,
साष्टांग, आज अगदी मनापासून. कपाटाचं दार निखळलं.

बसले खुर्चीत. वजा दीड, दोन्ही डोळ्यांना. मैत्रीण तपासत होती. मला तिसऱ्या ओळीपासून पुढे काहीच वाचता येईना तेव्हा ती इतकी हसली की तिला बाहेर काढलं. मग परत येऊन तिने मला मिठी मारली आणि रस्त्यावरचं भांडण माफ केलं.

लाजत नव्हते गं. भीती वाटत होती. सगळे म्हणतात, ही मावशीचं दुकान घेणार, हिचे डोळे तिच्यासारखे तेज आहेत. मला वाटलं, चष्मा लागला हे तुला कळलं तर तुला वाटेल की चुकीच्या माणसावर भरवसा ठेवला. हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघ, प्रत्येक पत्रात सांगत होते. पुन्हाबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्या मावशी माझ्या वर्गात असत्या तर बरं झालं असतं."

मी खुर्चीत बसले. आता तुझी पाळी. महिना संपत आला आहे.

तुझी,
भाचीबाई

२ नोव्हेंबर

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

वजा दीड म्हणजे जगबुडी नव्हे. आजोबांना वजा चार होता आणि त्यांनी अख्ख्या गावाला दृष्टी दिली. ज्याला स्वतःला चष्मा आहे त्यालाच नाकावर तो कुठे रुततो ते कळतं. भरवशाचं पुन्हा बोलू नकोस. सोबत फ्रेम पाठवते आहे. गोल घेऊ नकोस, तुझा चेहरा आधीच गोल आहे. काचा तिथल्या कार्यशाळेत स्वतःच्या हाताने बसव. ओरखडा पडला तर मला कळेल.

आता दुसरं. हे एकदाच लिहीन.

तुझं खुर्चीत बसल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी भरदुपारी दुकान बंद केलं. शेजारच्या शिंप्याने धावत येऊन विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, मीच चालले आहे. खिशात भिंग, ड्रायव्हर, नवा स्क्रू आणि चिकटवायच्या द्रव्याची बाटली घेतली. मला पुरावा हवा होता. साहित्याच्या वर्गाचं ठीक आहे, मी हातात घेऊन बघितल्याशिवाय काही मानत नाही.

दार मुलीने उघडलं. सामान बांधायला आली होती. माझ्या हातातला ड्रायव्हर बघितला आणि म्हणाली, "म्हणजे त्या तुम्ही." आणि चहा ठेवायला आत गेली. मी काही विचारायच्या आत.

ते खोक्यांच्या मध्ये उभे होते. चष्म्याची उजवी काडी सैल. लोंबत होती. मी म्हटलं, समोर गेला नाहीत? म्हणाले, समोर त्यांचं काय काम. मी चष्मा मागून घेतला आणि भिंग लावलं. ताजे ओरखडे. टेबलावर नकाशे होते आणि नकाशावर अंतर मोजायचं ते दोन टोकांचं कर्कटक. मी त्याचं टोक स्क्रूच्या ओरखड्यात ठेवलं. चपखल बसलं.

मी काही बोलले नाही. आजोबांसारखी. बराच वेळ.

मग ते म्हणाले, "पहिल्यांदा तो आपोआप सैल झाला होता."

मला हसू आलं. दुकानाबाहेर, लोकांच्या घरी, भरदुपारी हसले. आतून कपबशीचा आवाज आला आणि थांबला, म्हणजे मुलगी ऐकत होती. मी जुना स्क्रू काढला, नवा घातला, वर चिकटवायच्या द्रव्याचा थेंब सोडला आणि म्हटलं, "आता हा तुमच्या आयुष्यात सैल होणार नाही. यायचं असेल तर स्क्रूशिवाय यावं लागेल."

चहा प्यायले आणि निघाले. खोक्यांबद्दल मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी काचेची एकच फळी पुन्हा पुन्हा पुसली आणि शिंपी दोनदा डोकावून गेला. मला वाटलं, फार बोलले. मग वाटलं, कमी बोलले. तुझ्या वयाला शोभेल असलं काहीबाही.

शनिवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्सिल. दारातच सवयीने उजव्या काडीला हात लावला. काडी घट्ट. हात तसाच राहिला, आता पुढे काय बोलायचं ते त्या माणसाला कळेना. जन्मभर हातात मोजणीची साखळी घेऊनच लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस, रिकाम्या हाताने यायची सवय कुठली असणार? मी मदत केली नाही. मलाही सवय नाही.

शेवटी म्हणाले, "नुसताच आलोय."

मी म्हटलं, "बसा."

बसले. मुलगी सोमवारी एकटीच परत गेली. जाताना दुकानात येऊन माझ्या हातात हात देऊन गेली आणि म्हणाली की खोकी तिकडे दुसऱ्या कशाला उपयोगी पडतील.

याहून अधिक काही झालेलं नाही आणि गावाला याहून अधिक काही सांगायची गरज नाही. तुझ्या आईला मी स्वतः सांगेन. तिने काही विचारलं तर तुला माहीत नाही.

सहामाही झाली. साहित्याचा वर्ग चालू ठेव. हिशेब मी सुट्टीत शिकवीन. पुन्हाबाईंना माझा नमस्कार सांग. कारण सांगू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. या पत्रातून त्यांना गाळून वाचायच्या भानगडीत पडू नकोस. मी वाचून बघितलं. फ्रेम आणि आशीर्वाद तेवढे उरतात.